आधी गॅस, मग इंजिन

आमच्या ह्यांची खबर मला शेगडीवरून कळायची. कुणाला खोटं वाटेल, पण पंचवीसेक वर्षं मला त्यांना "कुठं हाय, काय चाललंय" असं विचारावं लागलं नाही. शेगडीची ज्योत बघितली की पुरे.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. घरामागे गोठा, गोठ्याला लागून गोबरगॅसची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे विहिरीच्या काठावर इंजिनाचं खोपट. टाकीतून एकच पाइप निघतो आणि पुढे त्याचे दोन फाटे होतात. एक माझ्या शेगडीला, दुसरा इंजिनाला. त्यामुळे तिकडे ह्यांनी कॉक उघडला की इकडे माझी ज्योत खाली बसायची. मला कळायचं, उसाला पाणी सुरू झालं.

मी आजऱ्याची. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भात. सासरी आले ती कोल्हापूरजवळ, भाकरीच्या मुलखात. माझी पहिली भाकरी ह्यांनी ताटातून उचलली, दोन्ही बाजूंनी वाजवून बघितली आणि म्हणाले, "इंजनाला गॅस्केट कराय चालंल की ही." सासू हसली, सासरे हसले. मी परसात जाऊन रडले. मग मात्र हट्टाला पेटले. माझ्या हट्टाचं माहेरी कौतुक होतं, सासरी नंतर झालं. सहा महिन्यांत माझी भाकरी अशी फुगायला लागली, की शेजारच्या मळ्यातल्या जावा बघायला यायच्या.

आणि नेमकं तेव्हाच ह्यांनी डिझेल इंजिनाला गोबरगॅस जोडला.

इंजिन जुनं होतं. मोठ्या लोखंडी चाकाचं, हँडल मारून चालू करायचं. ह्यांचं शिक्षण बेताचं, पण हात सोन्याचा. हवा आत ओढली जाते त्या तोंडाशी त्यांनी पत्र्याचं एक नळकांडं बसवलं. त्यात हवा आणि गॅस मिसळायचे. मी विचारलं, मग आता डिझेल कशाला? तर म्हणाले, "डिझेल म्हंजे काडी, गॅस म्हंजे सरपण. नुसतं सरपण आपल्या आपण पेटतंय व्हय?" गॅस वाढला की इंजिन आपणहून डिझेल कमी घ्यायचं. पण फारच वाढला तर काडीच अपुरी पडायची, आणि इंजिन उचक्या द्यायला लागायचं. गॅस सावकाश जळतो, म्हणून डिझेलची फवारणीही जरा अलीकडे घ्यावी लागायची. त्यासाठी ते पंपाखालची एखादी पातळ पत्री काढायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा काढायचे. मी म्हणायचे, एवढ्या वेळा तर मी भाकरी पण उलटत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी कॉक सताड उघडला आणि माझी ज्योत गपकन विझली. तव्यावर भाकरी अर्धी कच्ची. मी परात आणि उलथनं घेऊन परसात गेले आणि ठाण् ठाण् वाजवायला लागले. इंजिनाच्या आवाजात माझी हाक कुठली ऐकू जायला? पण परात ऐकू गेली. हे खोपटातून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, घराला आग लागली.

"आग कुठली लागतीया? इझलीया!" मी ओरडले. आजऱ्याची असले तरी तोवर मी कोल्हापूरची झाले होते.

त्या दिवशी आमच्यात तह झाला. मी शेगडी पेटवून उभी राहायची आणि ते तिकडे कॉक केसाकेसानं फिरवायचे. ज्योत फार खाली गेली तर परातीवर एक टोला. ठीक असली तर दोन. सकाळची दुपार झाली, पण शेवटी अशी एक जागा सापडली, की इंजिनही खूश आणि भाकरीही फुगते. ह्यांनी कानस घेतली आणि कॉकवर त्या जागी एक खूण घासली. पुढे नोझल बदललं, पंप बदलला, पत्र्या किती वेळा काढल्या-घातल्या. ती खूण मात्र बदलली नाही.

त्यांची खोड काही गॅसवर भागली नाही. एकदा गावातल्या भजीवाल्याकडून उरलेलं तेल आणलं, फडक्यातून चार वेळा गाळलं आणि डिझेलमध्ये घातलं. इंजिन चाललं, नाही असं नाही. पण आख्ख्या शिवारात कांदाभज्यांचा वास. उसात भांगलायला, तण काढायला आलेल्या बायकांनी अकरालाच भाकरीची फडकी सोडली. गावातली चार कुत्री खोपटासमोर शेपटी हलवत बसून राहिली. मग महिन्याभरात नोझल काजळीनं बुजलं, आणि तो नाद सुटला. करंजाचं तेल, आणखी कसलं कसलं तेल, सगळे नाद लागले आणि सुटले. गोबरगॅस तेवढा टिकला.

त्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो. तो वास म्हणजे लोखंडाचं विष, असं हे म्हणायचे. त्यासाठी ते कोल्हापुरातल्या एका कारखान्यातून लेथवरचा लोखंडी कीस पोत्यानं आणायचे, तो जरा गंजवायचे आणि डब्यात भरून गॅस त्यातून सोडायचे. काही दिवसांनी तो कीस काळा पडायचा. मग तो उन्हात पसरून पुन्हा तांबडा होऊ द्यायचा, ते काम माझ्याकडे. उन्हाळ्यात आमच्या अंगणात एका साडीवर सांडगे आणि शेजारच्या पोत्यावर लोखंड वाळत असायचं. एकदा पाहुण्या बाईनं विचारलं, हे कसले सांडगे? मी म्हणाले, हे आमच्या मालकांचे, जरा कडक असतात.

पण सगळ्यात मोठा नेम होता इंजिन बंद करण्याचा. आधी गॅस बंद करायचा. मग पाच मिनिटं इंजिन नुसत्या डिझेलवर चालवायचं, म्हणजे आत राहिलेला तो विषारी गॅस धुऊन निघतो. आणि मग इंजिन बंद. आधी गॅस, मग इंजिन. हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही.

माझ्यासाठी त्या पाच मिनिटांचा अर्थ निराळा होता. तिकडे गॅस बंद झाला की माझी ज्योत भप्पकन वर यायची. म्हणजे, निघाले. मी शेवटचा गोळा परातीत घ्यायची. इंजिन अजून धडधडत असायचं. भाकरी थापून, पाणी फिरवून, उलटून, ज्योतीवर फुगेपर्यंत इंजिन थांबायचं. मग शांतता. मग दाराशी चपला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. इतकी वर्षं त्यांनी गार भाकरी खाल्ली नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही छान झाली म्हणाले नाहीत. फक्त खायचे, आणि "आजून हाय का?" असं विचारायचे. मला तेवढं पुरायचं. आता वाटतं, एकदा म्हणायला हवं होतं. पण ती त्यांची रीत नव्हती, आणि मीही त्यांना कधी म्हणाले नव्हते की तुमच्या इंजिनाच्या आवाजाशिवाय मला घर घर वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी इंजिन थांबलं आणि ज्योत मात्र खालीच राहिली.

मी तव्यासमोर उभी होते. क्षणभर कळलं नाही काय चुकलं. मग कळलं. इंजिन आधी बंद झालं होतं, गॅस उघडाच होता. हे असं करणार नाहीत. मी तवा तसाच सोडून धावले. ते खोपटाच्या भिंतीला टेकून बसले होते, हात छातीवर. मला बघून म्हणाले, "कॉक बंद कर आदी." मी कॉक बंद केला. शेजाऱ्यांच्या जीपमधून कोल्हापूरला नेलं. दवाखान्यात तीन दिवस काढले. चौथा दिवस आला नाही.

त्यानंतर इंजिनाला कुणी हात लावला नाही. मी मात्र गोठ्यातलं शेण टाकीत घालतच राहिले, सवयीनं. टाकीवरचं लोखंडी झाकण गॅसनं पार वरपर्यंत चढलं, आणि माझ्या शेगडीची ज्योत दिवसभर एकसारखी जळायला लागली. खाली बसत नाही, वर येत नाही. स्वयंपाकाला बरी म्हणतात तशी ज्योत. पण मला तिच्याकडे बघवेना. एके दिवशी पोराला म्हणाले, "मला सिलिंडर आणून दे." त्याला वाटलं, आईला आता सोयीचं पाहिजे. त्यानं आणून दिला. मी गोबरगॅसचा घरातला कॉक बंद केला तो केलाच. शेण मात्र टाकीत पडतच राहिलं.

पोरगा एकुलता एक. कोल्हापूरच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. बटणं दाबून लोखंड कापणारी मोठी मशीन सांभाळतो, पण बापाच्या इंजिनाचं हँडल त्याला कधी जमलं नाही. विजेची मोटर बसवून झाली होती. वीज मात्र तिच्या मर्जीनं यायची आणि ऊस तहानलेला राहायचा. तरी त्याचं म्हणणं, इंजिन काढू. मागच्या वर्षी थंडीत एकदा जेवताना म्हणाला, "आई, गंजून मातीत जाण्यापेक्षा भंगारात दिऊया की. रविवारी टेम्पो बोलावलाय."

"कुणाला इचारून?"

"आई, चालत न्हाई ते. चाललं असतं तर मीच ठेवलं असतं."

"चाललं तर ठेवशील?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "गॅसवर चाललं पायजे. नुसत्या डिझेलवर परवडत न्हाई. रविवारपतूर बघ."

मी शुक्रवारी हातकणंगल्याच्या मेस्त्रींना फोन लावला. ह्यांच्या ओळखीचे, ह्यांना दादा म्हणायचे, जुन्या इंजिनांत हयात गेलेली. हे वारले तेव्हा दिवसकार्याला येऊन गेले होते. शनिवारी सकाळी आले. इंजिन उघडलं, पुसलं, नोझल साफ केलं, तेल बदललं. कीस मी आदल्या दिवशीच उन्हात पसरून ठेवला होता. डिझेलवर इंजिन चौथ्या हँडलला सुरू झालं, आणि तो आवाज ऐकून मी गोठ्यातच खाली बसले. म्हशीला वाटलं, धार काढायला आली. ती पुढं सरकली.

पण गॅस सोडला आणि इंजिन बिथरलं. मधेच उसळायचं, मधेच दम टाकायचं, ठोके द्यायचं. मेस्त्रींनी पत्री काढली, घातली. दुपारी म्हणाले, "वैनी, ह्यो कॉक जरा बारीक करतो."

"त्याला हात लावायचा न्हाई. ह्यांनी खूण केलीया."

"आवो, गॅस लई व्हतोय. इंजन खुणंवर चालत न्हाई, गॅसवर चालतंय."

"इतकी वरसं खुणंवरच चाललंय," मी म्हणाले. "तुमचंच काय तरी चुकतंय."

ते भले, म्हणून पुन्हा पत्रीच काढत बसले. दुसरा असता तर पान्हे उचलून गेला असता. माझ्या मनात एकच होतं, त्या कानशीच्या रेघेवरून कॉक हलला की त्यांची म्हणून राहिलेली शेवटची गोष्टही जाणार. आणि घरातला कॉक तर मी मुद्दाम घट्ट बंद ठेवला होता. सगळा गॅस इंजिनाला मिळू दे, माझं काय, सिलिंडर आहे. संध्याकाळी मेस्त्री म्हणाले, "उद्या परत येतो. पर आशा लई धरू नगासा."

रविवारी ते आठलाच आले. दहा वाजले, अकरा वाजले, इंजिन तसंच उचक्या देत होतं. पोरगा टेम्पो आणायला गेला होता. मी खिडकीतून खोपटाकडे बघितलं आणि मनातल्या मनात हरले. राग आला. मेस्त्रींचा, पोराचा आणि खरं सांगायचं तर ह्यांचाही. एवढी खूण करून ठेवली, आणि कशी चालवायची ते सांगितलं नाही.

मग वाटलं, जायचंच आहे तर जाऊ दे. पण आज दुपारची भाकरी मी ह्या गॅसवरच करणार. इंजिन घरात आहे तोवर एकदा तरी. मी सिलिंडरची शेगडी बाजूला केली, जुनी पुसून घेतली आणि दोन वर्षांनी तो कॉक उघडला. काडी लावली. ज्योत थरथरत पेटली, मग निळी झाली.

आणि तिकडे इंजिन सुधारलं.

मी हातातली काडी तशीच धरून ऐकत राहिले. उचक्या थांबल्या. ठोके थांबले. तीच ती एका लयीतली धडधड. खोपटातून मेस्त्री बाहेर येऊन ओरडले, "वैनी! काय केलासा?"

"शेगडी पेटवली!"

"इझवा बरं!"

मी कॉक बंद केला. इंजिन पुन्हा बिथरलं. उघडला, सुधारलं. आम्ही तीनदा करून बघितलं. मेस्त्री कपाळावर हात मारून घेत घराजवळ आले. "खूण बरोबरच हाय की वो. पर तुमची शेगडी पेटलेली धरून केलेली खूण हाय ती. तुमचा वाटा सोडूनच गॅस इंजनाला जातोय. तुमी बंद केलासा, समदा तिकडं आला. इंजनाला जास्त झाला."

एवढं बोलून ते परत खोपटात गेले. मी ओट्याशी बसले. मला त्यांची आठवण रोज येते, पण त्या दिवशी आली तशी कधीच आली नव्हती. माणूस कधी एक गोड शब्द बोलला नाही, पण इंजिनाच्या जुळणीत त्यांनी मला धरलं होतं. आणि मी मात्र ते गेल्यावर स्वतःला त्यातून काढून टाकलं, वर त्याला त्याग समजत बसले. मी पोटभर रडले. ज्योत शेजारी जळत होती.

मग उठले. अजून काम बाकी होतं. दोन वर्षं ओलावा धरून पाइपात पाणी साचलं होतं, ज्योत मधेच फडफडायची. ते पाणी काढायला लावलं. मग मेस्त्री तिकडे पत्री लावत होते आणि मी इकडे परात घेऊन उभी. ज्योत बसली की एक टोला, ठीक असली की दोन. त्यांना सांगावंही लागलं नाही, म्हणाले, "हे आमाला दादांनी सांगितलं व्हतं." मला कुठं माहीत, आमची परात हातकणंगल्यापर्यंत पोचली होती ते. शेवटच्या दोन टोल्यांनंतर त्यांनी डिझेलची टाकी दाखवली. अर्ध्या तासात पातळी जेमतेम हलली होती, म्हणजे इंजिन गॅसवरच चाललं होतं.

तेवढ्यात टेम्पो आला. पोरगा उतरला आणि जागीच थांबला. मग खोपटाच्या दारात जाऊन उभा राहिला, इंजिनाच्या चाकाकडे बघत. नंतर टेम्पोवाल्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण टेम्पो रिकामाच मागे फिरला.

दुपार झाली होती. मी परसातून मेस्त्रींना ओरडून सांगितलं, "जेवायला चला. आनी आदी गॅस बंद करा, मग पाच मिंटांनी इंजन!"

"ठावं हाय, वैनी!"

मी आत आले. ज्योत भप्पकन वर आली. माझे हात आपोआप परातीत गेले. शेवटचा गोळा, थापणं, पाणी, उलटणं. भाकरी फुगत असताना इंजिन थांबलं. त्या शांततेत मी तांब्या भरला आणि दारात गेले.

मेस्त्री आले, मागून पोरगा. दोघांनी हातपाय धुतले. ती भाकरी मी मेस्त्रींच्या ताटात वाढली. ते जेवले आणि म्हणाले, "भाकरी झकास झालीया, वैनी." मी मान फिरवली. पोरानं ताट पुढं केलं आणि विचारलं, "आजून हाय का?"

आता पोरगा दुसऱ्या पाळीला जायच्या आधी सकाळी इंजिन चालवतो. हँडल त्याला जमायला लागलं आहे. कीस अजून मीच वाळवते. तो इंजिन चालवतो तेवढा वेळ माझी शेगडी पेटलेली असते, स्वयंपाक झाला असला तरी. पाणी ठेवते त्यावर, पोरगा हसतो. ज्योत बसते, ज्योत वर येते, मी शेवटची भाकरी थापते, इंजिन थांबतं.

मग दाराशी चपला वाजतात. मी तांब्या घेऊन दारात जाते. पोरगा येतो, आणि पोरगा आला म्हणून मला बरंच वाटतं. पण चपला वाजल्यापासून तो दिसेपर्यंत जो क्षणभर वेळ जातो, खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी ते इंजिन भंगारात जाऊ दिलं नाही.